लाखात चौतीस

माझी आई मला 'लाखात एक' म्हणायची. माझं लग्न ठरवताना तिने हे वाक्य माझ्या सासऱ्यांना तीन वेळा ऐकवलं, आणि मुलीच्या बापाला जी अनेक वाक्यं मुकाट्याने ऐकावी लागतात त्यांतलंच हे एक, असं समजून सासऱ्यांनी ते ऐकून घेतलं. पुढे बावीस वर्षं बँकेत काढल्यावर माझी खात्री पटली, की आईचा हिशेब चुकला होता. लाखातल्या एकाच्या बाबतीत जे जे घडतं, त्यातलं काही माझ्या बाबतीत घडलं नाही. लॉटरीच्या तिकिटाचा शेवटचा आकडासुद्धा कधी जुळला नाही. बढतीच्या यादीत माझं नाव शोधायला सुरुवात केली की यादी संपते. माझ्यामागून लागलेली पोरं साहेब होऊन बदलून गेली आणि मी आपला खिडकीमागे, 'पुढच्या काउंटरला विचारा' म्हणत बसलेला.

गेल्या मार्चमध्ये मात्र माझा नंबर लागला. लाखात एक नव्हे, पण लाखात चौतिसांमध्ये. आणि तो लागला स्वादुपिंडाच्या दाहात!

स्वादुपिंड नावाचा अवयव आपल्याला आहे, हेच मला तोपर्यंत ठाऊक नव्हतं. मी पडलो कॉमर्सचा. हृदय कवितांमुळे माहीत होतं, किडनी हिंदी सिनेमांमुळे आणि लिव्हर टॉनिकच्या जाहिरातींमुळे. स्वादुपिंडाची जाहिरात कुणी केली नाही. शिवाय नाव तरी कसं! पूर्वार्ध जेवणावळीतला आणि उत्तरार्ध श्राद्धातला. या दोन्हींच्या मधलं जे काही असतं, ते मी पुढच्या आठ दिवसांत भोगलं.

झालं असं, की मार्चअखेरीच्या धामधुमीतच आमच्या हेडकॅशियरांचा निवृत्तीचा समारंभ आला. बटाटेवडे होते, जिलबी होती आणि मठ्ठा होता. हेडकॅशियरांनी बँकेच्या पैशाला उभ्या जन्मात हात लावला नव्हता (म्हणजे मोजण्यापलीकडे), त्यामुळे भाषणं लांबली, आणि भाषणं लांबली की माझा हात वड्यांकडे जातो. रात्री साडेअकराला बेंबीच्या वर, छातीच्या खाली, बरोबर मधोमध दुखू लागलं.

"गॅस असेल," मी म्हणालो.

"गॅसच आहे," ही म्हणाली. "किती वडे खाल्ले?"

आपल्याकडे पोटदुखीचं निदान आधी होतं आणि चौकशी नंतर. ओवा झाला, हिंग झाला, सोडा झाला. शेजारच्या नानांनी त्यांच्याकडची हिरव्या रंगाची पातळ औषधाची बाटली आणून दिली. तिच्यावरची तारीख मी वाचली नाही, वाचण्याच्या स्थितीत नव्हतो. कळ पोटातून आरपार पाठीत गेली होती. आडवं झालं की वाढायची, पुढे वाकून गुडघ्यांत डोकं घातलं की किंचित कमी व्हायची. रात्री दोन वाजता मी आमच्या जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर, खाली पडलेली सुई शोधत असल्यासारखा वाकून बसलो होतो. दोनदा उलटी झाली, तरी आराम नाही. शेवटी हिने रिक्षा आणवली. गॅस असा पाठीत जात नाही, हे तिला कुणी सांगितलं होतं कोण जाणे! वीस वर्षांच्या संसारात तिने माझं जे जे ऐकलं नाही, त्यातलं हे सर्वांत उपयोगी.

इस्पितळात एक कोवळा डॉक्टर होता. त्याने पोट दाबलं, मी ओरडलो, आणि मग त्याने वहीवरून मान वर न करता विचारलं, "घेता का?"

"काय?"

"ड्रिंक्स."

मी नाही म्हणालो. त्याने रक्त काढून पाठवलं. तासाभराने त्याच्याहून जरा मोठा डॉक्टर आला. त्याच्या हातात कागद होता. "लायपेज अकराशे चाळीस आलंय. साठपर्यंत असायला हवं. काका, खरं सांगा, घेता का?"

मी पुन्हा नाही म्हणालो. सकाळी पोटाचे मोठे डॉक्टर आले. त्यांच्यामागे चार जणांची रांग. त्यांनी अतिशय सौम्य आवाजात, खुर्ची ओढून घेऊन, माझ्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, "कधीतरी? मित्रांबरोबर?"

पहिल्या वेळी ही माझ्या बाजूने डॉक्टरांकडे पाहत होती. दुसऱ्या वेळी तिने छताकडे पाहिलं. तिसऱ्या वेळी ती माझ्याकडे पाहू लागली. एकच प्रश्न तीन अधिकाऱ्यांनी विचारला की तो तपास होतो, हे बँकेत आम्हांला पक्कं माहीत आहे.

माझी परिस्थिती अशी, की आमच्या शाखेच्या सहलीत बाटल्या सांभाळायचं काम माझ्याकडे असतं, कारण मी एकटाच शुद्धीवर असतो. खोकल्याच्या औषधाने मला झोप लागते. असं असून दुपारी सासरे आले, तेव्हा ते कॉटच्या पायथ्याशी उभे राहून फक्त एवढंच म्हणाले, "जावईबापू, होतं असं." त्या 'होतं असं'मध्ये माझ्या आईचं 'लाखात एक' त्यांनी व्याजासकट परत केलं. त्या दिवशी पोटापेक्षा ते जास्त दुखलं.

संध्याकाळी सोनोग्राफीचा कागद आला आणि माझी अब्रू थोडी सावरली. माझ्या पित्ताशयात खडे होते. साबुदाण्याएवढे, पाच-सहा. मोठे डॉक्टर हसले. "अहो, तुमचा तो एक खडा घसरून दाराशी अडकला. तुमचा काही दोष नाही." ही लगेच म्हणाली, "हेच जरा माझ्या वडिलांना सांगता का?"

मग त्यांनी मला सगळं समजावून सांगितलं. मी बँकेत आहे म्हटल्यावर त्यांनी बँकेच्याच भाषेत सांगितलं, आणि म्हणून ते मला कळलं. स्वादुपिंड जठराच्या मागे आडवं पडलेलं असतं. वीतभराहून थोडं कमी, वजन सात-आठ तोळे. (सात-आठ तोळे म्हटल्यावर मला पहिल्यांदा त्याच्याबद्दल आदर वाटला. एवढ्यावर आमच्याकडे चांगलं कर्ज मिळतं.) ते दोन खाती सांभाळतं. एक इन्शुलिनचं, साखरेचं. दुसरं पचनाच्या रसांचं. हे रस इतके जालीम, की मांससुद्धा विरघळवतात. म्हणून स्वादुपिंड ते निष्क्रिय स्वरूपात साठवतं. सही न केलेल्या चेकसारखे. चेक नळीतून लहान आतड्यात पोचले, की तिथे त्यांवर सही होते आणि मग ते वटतात. आता पित्ताची नळी आणि ही नळी आतड्यात उघडतात ती बहुधा एकाच दारातून. त्या दारात खडा अडकला, की मागे गर्दी होते, गोंधळ होतो, आणि चेकवर तिजोरीतच सह्या होऊ लागतात. स्वादुपिंड स्वतःलाच पचवू लागतं.

"म्हणजे आतल्या माणसांनीच केलेला घोटाळा," मी म्हणालो.

"अगदी बरोबर," डॉक्टर म्हणाले. "पाचातल्या चौघांचा आठवड्याभरात मिटतो. पाचव्याचा चिघळतो. मूत्रपिंड, फुप्फुसं, सगळीकडे जातो. तुम्ही कुणात, ते दोन दिवसांत कळेल."

एवढं बोलून ते निघून गेले. पाचातला एक! बँकेत पाचातलं एक कर्ज बुडीत निघालं, तर वरून माणसं येतात. ती रात्र मी सलाइनचे थेंब मोजून काढली. शेजारी ही खुर्चीत बसून झोपली होती. तिचा हात मात्र कॉटच्या दांडीवर होता, आणि मी हललो की तो दांडीवरून माझ्या मनगटावर यायचा. घराच्या कर्जाचे किती हप्ते राहिले, ते मी तिला कधी नीट सांगितलं नव्हतं. विम्याची पॉलिसी कपाटात कुठल्या साड्यांखाली आहे तेही नाही. सकाळपर्यंत जगलो तर दोन्ही सांगायचं, असं ठरवलं. सकाळपर्यंत जगलो, आणि दोन्ही विसरलो.

तिसऱ्या दिवशी मी चौघांत आहे असं जाहीर झालं. मला मऊ भात मिळाला. पूर्वी म्हणे या रोग्यांना दिवसेंदिवस उपाशी ठेवत, स्वादुपिंडाला विश्रांती म्हणून. आता दुखणं आणि मळमळ कमी झाली, की लवकर खायला देतात. त्यात रोगी लवकर सुधारतो असं दिसून आलं आहे. वैद्यकशास्त्राने केलेल्या सगळ्या प्रगतीत मला ही सर्वांत महत्त्वाची वाटते.

पोटात भात पडल्याबरोबर मी डॉक्टरांना विचारलं, "हे फार लोकांना होतं का हो?"

"आकडा हवाय?"

"बी. कॉम. आहे मी."

ते म्हणाले, की २०१६ साली जगभरच्या अनेक अभ्यासांची गोळाबेरीज प्रसिद्ध झाली. तिच्यानुसार हा अचानक उठणारा दाह वर्षाला लाख लोकांमागे सुमारे चौतीस जणांना होतो. कुठे कमी, कुठे जास्त. वर्षानुवर्षं हळूहळू टिकून राहणारा, जुनाट प्रकार नव्याने होणारे लाखामागे आणखी दहाएक.

मी लगेच सलाइन नसलेल्या हाताने औषधाच्या पाकिटावर गणित मांडलं. आमच्या शाखेत आम्ही वीस जण. या हिशेबाने एका शाखेत हा रोग एकाला व्हायला साधारण एकशे सत्तेचाळीस वर्षं लागतात. बढतीच्या यादीत ज्याचा नंबर बावीस वर्षांत लागला नाही, त्याचा इथे लागला! मला कुणीतरी सत्कार करायला हवा, असं वाटून गेलं.

"आता उलटं गणित करा," डॉक्टर म्हणाले. "आपल्या शहराची वस्ती तीन लाख धरा."

केलं. वर्षाला शंभर. म्हणजे आठवड्याला दोघे.

"ते दोघे माझ्याकडे येतात," ते म्हणाले. "तुमच्या खुर्चीवरून हा रोग कधी न दिसणारा. माझ्या खुर्चीवरून मंगळवारी आणि शुक्रवारी येणारा."

त्यांचं खरं होतं. त्याचा पुरावा मी झोपलो होतो त्या खोलीतच होता. खोलीत तीन कॉटा होत्या आणि तिन्हींवर स्वादुपिंडं होती. मधल्या कॉटवर मी. खिडकीकडच्या कॉटवर पस्तिशीचा एक माणूस, भिंतीकडे तोंड करून पडलेला. आणि दाराकडच्या कॉटवर, अर्ध्या कॉटमध्ये मावेल एवढा, नऊ वर्षांचा एक पोरगा.

"हा इथे कसा?" मी हळूच विचारलं. मला वाटलं, मुलांच्या वॉर्डात जागा नसेल आणि पोराला दुसरं काहीतरी असेल.

"तुमचाच रोग," डॉक्टर म्हणाले. "मुलांनाही होतो. लाख मुलांमागे वर्षाला तीन ते तेरा."

पोरगा सायकलवरून पडला होता. पडताना हँडलचं टोक पोटात घुसलं. वरून जखम काही नाही, नुसता एक निळा वाटोळा डाग, रुपयाएवढा. पण स्वादुपिंड जिथे पाठीच्या कण्यावर आडवं टेकलेलं असतं, तिथे ते हँडल आणि मणका यांच्यामध्ये चेंगरलं. पडला शनिवारी. सोमवारी परीक्षा होती. पोरगा रविवारी संध्याकाळपासून पोट दुखतं म्हणत होता.

पुढचं त्याच्या बापाने मला रात्री पॅसेजमध्ये सांगितलं. "साहेब, सोमवारी गणिताचा पेपर होता. मला वाटलं, नाटक करतोय. एक ठेवून दिली आणि पाठवला. शाळेत बाईंनाही तसंच वाटलं. त्याने वाकून वाकून पेपर लिहिला. मंगळवारी उलट्या सुरू झाल्या, तेव्हा आणला." तो थोडा वेळ थांबला आणि म्हणाला, "पेपर चांगला गेलाय म्हणतो."

मी काही बोललो नाही. आमच्या मुलीचं पोट दर वर्षी इतिहासाच्या पेपरच्या सकाळी दुखतं, आणि मीही दर वर्षी एकच वाक्य म्हणतो. हात उचललेला नाही इतकंच. त्या बापाला काय सांगावं? मी आपला गणिताच्या आश्रयाला गेलो. हजार मुलांची शाळा धरली, तर डॉक्टरांच्या आकड्यांप्रमाणे असं एक मूल सात-आठ वर्षांनी एकदा सापडेल, किंवा तीसेक वर्षांनी एकदा. म्हणजे एखाद्या बाई निवृत्त होईपर्यंत त्यांना ते दिसणारच नाही. परीक्षेच्या दिवशी पोट दुखणारी मुलं मात्र दर वर्षी वर्गात चार. बाईंचं काय चुकलं? बापाचं तरी काय चुकलं? हे सगळं मी त्याला समजावून सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "पण साहेब, माझं पोरगं एकच आहे ना?"

शेकडेवारीला याचं उत्तर देता येत नाही. बी. कॉम.लाही नाही.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांना मुलांचं आणखी विचारलं. ते म्हणाले, मोठ्यांची कारणं ठरलेली. बहुतेक ठिकाणी पहिला नंबर पित्तखड्यांचा, दुसरा दारूचा. काही ठिकाणी, विशेषतः पुरुषांत, हा क्रम उलटा. मग रक्तातली चरबी भलतीच वाढणं, काही औषधं वगैरे. मुलांत मात्र हजार वाटा. सायकलचं हँडल ही एक. गालगुंडाचा विषाणू दुसरी. फिट्सवर देतात त्या व्हॅल्प्रोएटसारखी काही औषधं तिसरी. नळीची जन्मजात ठेवण वेगळी असणं, मुलांनाही होणारे पित्तखडे, आणि काही घराण्यांत चालत आलेलं जनुक. यातलं एक पिढीजात जनुक १९९६ साली सापडलं. काश्मीरमधल्या डॉक्टरांनी तर असे रोगी मोठ्या संख्येने पाहिले आहेत, की ज्यांच्या पोटातला साधा जंत सरपटत त्या दारात शिरला आणि तिथे अडकला. दार एक, पण त्यात अडकायला काय काय येतं! शिवाय अलीकडे मुलांमध्ये हा रोग वाढल्यासारखा दिसतो. त्यात खरी वाढ किती आणि 'पूर्वी कुणी तपासत नव्हतं, आता तपासतात' यामुळे किती, हे सांगणं कठीण. लायपेजची तपासणी केली तर सापडतो. गॅस म्हटलं की सापडत नाही.

केरळचीही गोष्ट त्यांनी सांगितली. तिकडे जुनाट प्रकार लहान वयात सुरू होणारे रोगी पुष्कळ. पोटदुखी लहानपणी, स्वादुपिंडात खडे, आणि तरुणपणी मधुमेह. डॉ. गीवर्गीस यांनी १९६०च्या दशकात तिथे असे रोगी शेकड्यांनी नोंदले. गरिबांचं अन्न म्हणून आळ आला टॅपिओकाच्या कंदावर. हा आळ पुढे टिकला नाही. तो कंद न खाणाऱ्यांतही रोग निघाला, आणि पोटभर खाणारे कितीतरी धडधाकट राहिले. संशय मग जनुकांकडे वळला.

मी ही माहिती हिला सांगितली, ती चूकच झाली. टॅपिओका म्हणजे ज्याचा साबुदाणा करतात तोच कंद, एवढं मी बोललो आणि हिचा चेहरा पडला. "आणि तुमचे खडेही साबुदाण्याएवढेच!" ती म्हणाली. खडे साबुदाण्याचे नसतात, पित्तातल्या कोलेस्टेरॉलचे असतात, आणि साबुदाणा निर्दोष सुटलाय, हे मी परोपरीने सांगितलं. पण आपल्या घरात एकदा आरोप झाला की निर्दोष सुटण्याला महत्त्व नसतं, हे मला स्वतःच्या अनुभवाने कळायला हवं होतं. पुढची आषाढी आम्ही वरीच्या तांदळावर काढली.

राहता राहिला खिडकीकडचा माणूस. त्याला तीनदा विचारावं लागलं नव्हतं. पहिल्यांदाच त्याने 'हो' म्हटलं होतं. म्हणे, रोज. गेली बारा वर्षं. ही त्याची तिसरी खेप. त्याला भेटायला कुणी येत नव्हतं. एक म्हातारी आई दुपारी डबा ठेवून जायची, तीही न बोलता. माझ्याकडे मात्र रीघ. अख्खी शाखा येऊन गेली. हेडकॅशियर तर वड्यांच्या अपराधाने दोनदा आले. प्रत्येकाला मी, खिडकीकडे ऐकू जाईल अशा आवाजात, सांगत होतो, "पित्ताचे खडे हो! दारूबिरूचा काही संबंध नाही." सासऱ्यांना मोठ्या डॉक्टरांकडून समक्ष खुलासा करवून घेतला. त्यांनी पेढे आणले. ते मला चालत नव्हते, म्हणून नर्सने खाल्ले. विम्याच्या अर्जात 'मद्यपान : नाही' असं डॉक्टरांनी सहीशिक्क्यानिशी लिहून दिलं. त्या कागदाची मी झेरॉक्स काढून ठेवली आहे. माझ्याकडे असलेलं चारित्र्याचं ते एकमेव सरकारमान्य प्रमाणपत्र.

हे सगळं चाललं असताना तो पोरगा आमच्याकडे टुकुटुकु पाहायचा. चौथ्या दिवशी त्याचं दुखणं उतरलं आणि त्याला बोलायची हुक्की आली. त्याने मला विचारलं, "काका, तुमचं पण तेच दुखतं? इथे? आणि पाठीत?"

"हो रे."

"वाकून बसलं की बरं वाटतं?"

"अगदी बरोबर."

त्याने थोडा विचार केला. "मग तुम्हीपण सायकलवरून पडलात?"

सात दिवसांत मला एकूण अठरा जणांनी या दुखण्याचं कारण विचारलं होतं. त्यात आरोप नसलेला हा एकच प्रश्न. मी हसलो. हसल्यावर पोट दुखलं. मी काही बोलायच्या आत त्याने मान वळवून खिडकीकडे पाहिलं.

"आणि ते काका? तेपण पडले?"

खोलीत कुणी बोललं नाही. मी आपला पाकिटावरच्या गणिताकडे पाहू लागलो. भिंतीकडे तोंड करून पडलेला तो माणूस हळूहळू या कुशीवर वळला. चार दिवसांत मी त्याचा चेहरा पहिल्यांदाच पाहत होतो. माझ्याहून दहा वर्षांनी तरी लहान होता.

"हो बाळा," तो म्हणाला. "पडलोच म्हणायचं."

"जोरात?"

"जोरात."

"मग आता सायकल हळू चालवा," पोराने सांगितलं. "मी पण हळू चालवणार आहे. काका, तुम्ही पण."

आम्ही दोघांनी कबूल केलं. त्यानंतर मी 'पित्ताचे खडे हो!' हे वाक्य जरा हळू आवाजात म्हणू लागलो, आणि संध्याकाळी आलेल्या लोकांना ते म्हणालोच नाही. हिच्याही लक्षात आलं. दुसऱ्या दिवशी तिने मऊ भाताचा डबा थोडा मोठा आणला. खिडकीकडच्या माणसाला विचारलं, "भाऊ, घेता का?" प्रश्न तोच होता. पण त्याने पहिल्यांदाच तो असा ऐकला असावा. दोन्ही हात पुढे करून त्याने वाटी घेतली.

त्याच मुक्कामात माझं पित्ताशय दुर्बिणीने काढून टाकलं. खड्यांमुळे हे दुखणं झालं असेल आणि सौम्य असेल, तर घरी पाठवण्याआधीच काढतात. नाहीतर दुसरा खडा पुन्हा दाराशी येऊन उभा राहतो. खडे मला बाटलीत घालून दिले. हिने ती बाटली फोडणीच्या डब्याशेजारी ठेवली होती. एकदा मोहरी समजून आईने उघडल्यावर तिथून हलवली.

जूनमध्ये मुलीची चाचणी परीक्षा होती. इतिहासाच्या पेपरच्या सकाळी तिचं पोट दुखू लागलं. मी नेहमीचं वाक्य तोंडात आणलं आणि गिळलं. खुर्ची ओढून बसलो. "कुठे दुखतं? मधोमध? पाठीत जातं का? उलटी? वाकल्यावर बरं वाटतं?" तिने घाबरून सांगितलं, की बेंबीशी थोडंसं दुखतं, आणि मुख्य म्हणजे पेशव्यांचा धडा झालेला नाही. दहा मिनिटांत धडा उजळला आणि पोट थांबलं. मुलांची बहुतेक पोटदुखी अशीच असते आणि असावी. प्रत्येक पोट घेऊन इस्पितळात धावायला मी काही सांगत नाही. पण चार प्रश्न विचारायला दोन मिनिटं लागतात, आणि सतत दुखत राहिलं, पाठीत गेलं, उलट्या थांबेनात, सरळ उभं राहवेना, तर गॅसचा मान राखून रिक्षा आणवावी. लाखात चौतीस काय किंवा तीन काय, आपण त्यातले असलो की आपल्यापुरतं ते लाखात लाख असतं.

परवाचीच गोष्ट. दुपारची वेळ, काउंटरला गर्दी. खिडकीशी एक माणूस आवर्ती ठेवीचा फॉर्म घेऊन उभा राहिला. जरा भरला होता, दाढी केलेली होती, म्हणून मी ओळखलंच नाही. त्याने मान थोडी वाकडी करून विचारलं, "काय साहेब, सायकल हळू चालवताय ना?"

मी जागेवरून उठलो. बावीस वर्षांत मी गिऱ्हाइकासाठी उठल्याचं कुणाला आठवत नव्हतं. खिडकीच्या बाहेर जाऊन त्याच्याशी बोललो. महिन्याला दोन हजारांची ठेव होती. वारस म्हणून आईचं नाव होतं. तीन महिने झाले, म्हणाला. पुढचं माहीत नाही, म्हणाला. मी म्हटलं, हप्ते दर महिन्याचेच असतात, एकदम कुणीच भरत नाही.

तो गेल्यावर शेजारच्या काउंटरवरून नवीन आलेला पोरगा म्हणाला, "नातेवाईक वाटतं?"

"नाही रे," मी म्हणालो. "मार्चमध्ये आम्ही दोघं सायकलवरून पडलो होतो."